बुडालेल्या कॉन्व्हेंटातले मासे

नवं बेल रिव्ह, लुइझियाना
शुक्रवार, १ मार्च १९९६

प्रिय क्लेमान्स,

आज इस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार. मांस चालत नाही, म्हणून बाजारात जाऊन मासा विकत आणला. माझा नवरा, म्हणजे तुझा एकुलता एक धाकटा भाऊ, आठवड्यातले चार दिवस तळ्यात मासे धरत असतो आणि मी पिशवी घेऊन दुकानात माशाच्या रांगेत उभी. तो बास मासा धरतो, त्याचं वजन करतो, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतो आणि मग तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी परत पाण्यात सोडतो. स्पर्धेत मासा मेलेला निघाला तर वजनातून दंड कापतात. नवरा उन्हाने मेला तर कापत नाहीत. मी विचारून घेतलंय.

आता बातमी. छपराचे पैसे आले होते. वादळात स्वयंपाकघरावरचं छप्पर गेलं तेव्हापासून आम्ही निळ्या ताडपत्रीखाली राहतोय, हे तुला माहीत आहे. जानेवारीत विम्याचा चेक आला. मी छपरावाल्या एबेरला बोलावलं. तो शिडी लावून वर चढला, मापं घेतली, साडेसहा हजार डॉलर म्हणाला. तो खाली उतरतोय तोवर अंगणात आमच्या बोटीला नवं इंजिन लागलेलं होतं.

"अल्सिड, हे काय?"

"अगं, या इंजिनाने मी सगळ्यांच्या आधी जागेवर पोचणार. मार्चमधल्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस सात हजार आहे. छप्पर होऊन वर पाचशे उरतील. मग तुला नवा फ्रॉक."

सात हजार! क्लेमान्स, हे गणित तुला समजावून सांगते, कारण तुझ्या भावाला मी वीस वर्षं समजावते आहे. प्रवेश फी अडीचशे. भरणारे एकशेवीस. बक्षीस पहिल्या बारांना. बाराव्याला काय मिळतं? अडीचशे. म्हणजे एकशेआठ माणसं घरी तोंड लपवून जातात आणि बारावा स्वतःचेच पैसे परत मिळाले म्हणून मंचावर उभा राहून हात हलवतो. गेल्या वर्षी तुझा भाऊ अकरावा आला. अकराव्या क्रमांकाला मात्र रोख नसतं, बोटीच्या कंपनीचं कूपन असतं: नव्या बोटीच्या किमतीत हजार डॉलर सूट. ती बोट आपल्या घरापेक्षा महाग आहे.

जाऊ दे. रागाने लिहिलं, पण परवा तळ्याकाठी बसले होते तेव्हा मन उगाच मागे गेलं. धरणाचं पाणी चढलं त्याला तीस वर्षं झाली, आणि आपलं कॉन्व्हेंट त्याखाली तसंच आहे, नाही का? मी दिवसापुरती शाळेत यायचे, घंटा झाली की घरी. तू तिथे राहायचीस. स्वयंपाकघरामागच्या त्या विटांच्या पायऱ्या नक्की कुठे होत्या गं? चॅपेलच्या डावीकडे की उजवीकडे? सहज विचारते. वय झालं की असलं काहीतरी आठवतं.

तुझी,
ओडील


मोबील, अलाबामा
सोमवार, १८ मार्च

माझ्या ओडील,

तुझं पत्र वाचून आधी रागावले आणि मग रडले.

रागावले ते अल्सिडसाठी. तू त्याला फार टोचून बोलतेस. इंजिन घ्यायला नको होतं, मान्य. पण तो दारू पीत नाही, जुगार खेळत नाही. (आता तू म्हणशील की मग हे काय आहे. म्हणू नकोस.) त्याच्या हातून एकदा तरी चांगलं काही होऊ दे म्हणून मी इथे रोज रोझरीच्या माळेतल्या दहा प्रार्थना म्हणते.

आणि रडले ते पायऱ्यांसाठी. मला वाटायचं, त्या फक्त मलाच आठवतात. तुला वाटतं तू घंटा झाली की लगेच घरी जायचीस? अगं, तू रेंगाळायचीस! सिस्टर युलाली तुझ्या हातातही बटाटे आणि सुरी द्यायची आणि पावावर साखर पेरून द्यायची. मी विसरले नाही.

पायऱ्या उजवीकडे होत्या. जुन्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा अजून पाण्यावर दिसतो ना? त्याच्याकडे पाठ कर आणि टेकडीवरच्या दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसाकडे तोंड कर. चॅपेल उजव्या हाताला, आणि त्याच्या मागे चिकटून स्वयंपाकघर. पायऱ्या त्याच्या मागच्या बाजूला, ओढ्याकडे उतरणाऱ्या. रुंद होत्या, आपण सात-आठ मुली एका ओळीत बसायचो. मार्चमध्ये सकाळचं पहिलं ऊन तिथे यायचं. बाकी सगळी इमारत गारठलेली असताना त्या विटा कोमट लागायच्या. तुझ्या गुडघ्यावर नेहमी खरचटलेलं असायचं. मला सगळं आठवतं, ओडील. तुलाही आठवतंय हे कळलं आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पावसाची भांडी रिकामी करताना पाठ सांभाळ.

तुझी,
क्लेमान्स


नवं बेल रिव्ह
सोमवार, २५ मार्च

क्लेमान्स!

तुझा भाऊ पहिला आला!

बसलीस ना? पहिला. एकशेवीस माणसांत. पाच मासे, आणि प्रत्येक मासा असा की दोन हातांत मावेना. वजनकाट्यावर पिशवी ठेवली तेव्हा निवेदकाचा आवाज चिरकला. तुझा भाऊ मंचावर उभा होता आणि त्याला कळेना की हात कुठे ठेवावेत. शेवटी त्याने ते खिशात घातले आणि बक्षिसाचा तो दाराएवढा मोठा पुठ्ठ्याचा चेक खाली पडला.

तुझं पत्र गुरुवारी आलं. जेवताना मी वाचून दाखवलं, तुझी सगळी पत्रं दाखवते तसं. पायऱ्यांचं वाचत होते तेव्हा अल्सिडने चमचा खाली ठेवला.

"परत वाच."

"कशाला? तुझ्या बहिणीचे बटाटे सोलायचे आहेत का?"

"विटा कोमट लागायच्या, ते परत वाच."

शनिवारी पहाटे गडी थेट त्या टाकीपाशी गेला. बाकीचे सगळे पलीकडच्या लव्हाळ्यात गर्दी करून एकमेकांच्या दोऱ्यांत गळ अडकवत बसले होते. बास आपला कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांवर ऊन खात बसला होता, अगदी आपल्यासारखा.

मी एबेरला फोन केला. येत्या सोमवारी येतो म्हणाला. फक्त एक किरकोळ गोष्ट राहिली आहे: पैसे देण्याआधी विजेत्याला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवतात. कुणीतरी कुठेतरी माशाच्या पोटात शिसं भरून वजन वाढवलं होतं, तेव्हापासून हा रिवाज आहे. बघ, देशाच्या कारभारासाठी निवडून देतो त्यांना कुणी यंत्रासमोर बसवत नाही. मासा धरला की बसवतात.

बुधवारी परीक्षा आहे. मग पैसे.

ओडील


मोबील
शनिवार, ३० मार्च

प्रिय ओडील,

मी सगळ्या गल्लीला सांगितलं. शेजारच्या मिसेस टूलूझला तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिने ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

आता तरी कबूल कर. वीस वर्षं तू त्याला हसलीस, आणि शेवटी छप्पर कोणी आणलं? आणि आपल्या कॉन्व्हेंटने आणलं! सिस्टर युलाली जिथे असेल तिथे हसत असेल.

यंत्राची काळजी करू नकोस. अल्सिडला लहानपणापासून खोटं बोलताच येत नाही. त्यात सापडणार काय?

उलट टपाली छपराचा रंग कळव.

क्लेमान्स


नवं बेल रिव्ह
गुरुवार, ४ एप्रिल

क्लेमान्स,

छपराचा रंग निळा. तोच. ताडपत्रीचा.

नीट वाच, म्हणजे तुझ्या भावाला खोटं बोलता येत नाही या गोष्टीचा आपल्याला किती फायदा झाला ते कळेल.

परीक्षा हमरस्त्यावरच्या मोटेलच्या खोलीत होती. मी बाहेर खुर्चीवर बसले होते आणि भिंत पुठ्ठ्याची होती, दाराला फट होती, म्हणून सगळं ऐकलं आणि पाहिलं. परीक्षक बाप्टिस्ट पंथाचा, त्यांच्यात कन्फेशन नसतं; पण चांगला माणूस, आवाज मऊ. तारा अजून लावल्याही नव्हत्या. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "सुरू करण्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

दुसरा कुणीही "नाही" म्हणाला असता. पण अल्सिडला मुलांच्या शाळेतल्या नन्सनी वाढवलंय. बंद खोली, समोर मऊ आवाजाचा माणूस, आणि "काही सांगायचं आहे का?" त्याने डोकं खाली घातलं आणि सुरुवात केली. कन्फेशन, क्लेमान्स! इस्टर जवळ आलेला होताच, वर्षभराचं साचलेलं होतंच. शेजाऱ्याचं बदक मारलं होतं ते सांगितलं. माझ्या शिवणाच्या डब्यातून दोनदा प्रवेश फी काढली ते सांगितलं. मला तोवर एकदाचीच माहीत होती. मग म्हणाला, "माशांची जागा माझ्या बहिणीने सांगितली. पत्रातून. गुरुवारी."

नियम असा आहे की स्पर्धेच्या सोमवारपासून मासे कुठे असतील याची माहिती कुणाकडूनही घ्यायची नाही. बायकोकडूनही नाही, बहिणीकडूनही नाही. अल्सिडला नियम माहीत होता. गुरुवारी जेवताना माहीत होता, शनिवारी बोटीत माहीत होता. त्याला आठवला बरोबर बुधवारी मोटेलमध्ये.

परीक्षकाने पेन खाली ठेवलं. अल्सिड मान खाली घालून तसाच बसलेला.

"कशाची वाट बघताय, मिस्टर मेलान्सों?"

"प्रायश्चित्ताची."

मिळालं. बक्षीस रद्द आणि वर्षभर बंदी. सात हजार दुसऱ्या आलेल्या श्रीव्हपोर्टच्या एका दंतवैद्याला गेले, त्याच्या घराला छप्पर असणार. आणि तुझा भाऊ घरी येताना गाडीत मला काय म्हणाला माहीत आहे? "किती हलकं वाटतंय, ओडील." हलकं! मी इतकी युक्ती करून तुझ्याकडून पायऱ्या काढून घेतल्या, त्या या हलकेपणासाठी?

ओडील


मोबील
सोमवार, १५ एप्रिल

ओडील,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं.

म्हणजे तुझं मन "उगाच मागे" गेलं नव्हतं. तू तळ्याकाठी बसली नव्हतीस. गळाला काय लावायचं ते तुला कळलं आणि तू मला ते लावायला लावलंस. मी त्या पत्रासाठी दोन दिवस घेतले होते. खोडलं, परत लिहिलं, कारण मला वाटलं माझ्यासारखंच कुणालातरी ते घर हवंहवंसं वाटतंय.

अल्सिडने खरं सांगितलं याचा मला अभिमान आहे.

क्लेमान्स मेलान्सों ड्यूब्वा


नवं बेल रिव्ह
सोमवार, २२ एप्रिल

क्लेमान्स मेलान्सों ड्यूब्वा यांस,

पूर्ण नावाने सही केलीस. छान. मीही सरळ लिहिते.

होय, मुद्दाम विचारलं. सरळ विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? तू मला भावाशी कसं बोलावं यावर दोन पानं लिहिली असतीस. कोरड्या खोलीत बसून बुडालेल्या घरासाठी रडणं फार सोपं असतं. माझं घर अजून बुडायचं आहे आणि ते रोज थोडं थोडं बुडतंय, तेही वरून. भात शिजवताना मी एका हाताने झाकण धरते आणि दुसऱ्या हाताने छत्री.

त्या पायऱ्या मला आठवत नव्हत्या, हे खरं. पावावरची साखर आठवत होती. पण तिच्याने छप्पर होत नाही.

ओडील


मोबील
सोमवार, २९ जुलै

प्रिय ओडील,

तुमच्याकडून येऊन पाच आठवडे झाले. लिहायचं ठरवत होते, पण लिहिताना सारखं तुझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. त्या संध्याकाळी पाऊस आला आणि तू काही न बोलता माझ्या खुर्चीशेजारी भगुणं सरकवलंस, तसं मी एप्रिलमध्ये काय लिहिलं होतं ते आठवून माझी मान वर होईना. अल्सिड तिसऱ्यांदा शिडीवर चढला, ताडपत्रीला खिळे मारले आणि खाली उतरून म्हणाला, "आता नाही गळणार." मग ती बरोबर त्याच्या डोक्यावर गळली. तू हसलीस. मी हसले. तेव्हापासून मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे लिहायचं राहून गेलं.

आता कामाचं. तुमच्याकडून निघताना मी बोटीच्या शेडमधून स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक उचललं. (चोरलं. अल्सिडला सांगू नकोस, तो कुठेतरी कबूल करेल.) बंदी त्याच्यावर आहे. तुझ्यावर नाही. सप्टेंबरची स्पर्धा अठ्ठावीस आणि एकोणतीसला आहे आणि माहिती घ्यायला बंदी तेवीसपासून सुरू होते. आज जुलै चालू आहे. तेव्हा हे पत्र मी राजरोसपणे लिहिते आहे.

मागच्या वेळी तू विचारलंस तेवढंच सांगितलं होतं. एक जागा ठेवून दिली होती. कपडे धुण्याच्या खोलीमागे, पायऱ्यांपासून ओढ्याच्या दिशेने दगड फेकला तर पडेल एवढ्यावर, दगडी हौद होता. त्यात खालून झरा यायचा. ऑगस्टमध्येही पाय घातले तर गोठायचे. आई गेली त्या पहिल्या वर्षी मी रोज दुपारी तिथे जाऊन रडायचे. कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टर युलालीला बहुतेक माहीत असावं, कारण कधीकधी तिथे पाव ठेवलेला असायचा. म्हणून ती जागा मी कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

झरे धरणाने थांबत नाहीत असं म्हणतात. मला माशांतलं काही कळत नाही. पण सप्टेंबरच्या उकाड्यात मी मासा असते तर तिथेच गेले असते.

तू जा, ओडील. तू लहानपणी तुझ्या वडिलांच्या होडीत वेताची काठी घेऊन बसायचीस आणि अल्सिडपेक्षा जास्त धरायचीस. तो हे विसरला असला तरी मी विसरले नाही.

तुझी,
क्लेमान्स


नवं बेल रिव्ह
बुधवार, २ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या क्लेमान्स,

मी दुसरी आले. पहिला तोच दंतवैद्य. श्रीव्हपोर्टमध्ये कुणाचे दात दुखत नाहीत का, देव जाणे.

आधी सांगते तो आठवडा कसा गेला ते. सोमवारपासून अल्सिडने माझ्याशी माशांबद्दल एक शब्द बोलायचा नव्हता. वीस वर्षं जो माणूस जेवताना, झोपताना, चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी वारा आणि पाण्याची पातळी याशिवाय दुसरं बोलला नाही, तो गप्प! तोंड उघडलं की मी हातातला डाव वर करायचे: "नियम!" मंगळवारी बिचारा म्हणाला, "आज गरम आहे." मी म्हटलं, "ही माहिती झाली." त्यानंतर तो सरळ अंगणात जाऊन कोंबड्यांशी बोलायला लागला. आमच्या लग्नातला सर्वांत सुखाचा आठवडा.

हौद होता, क्लेमान्स. झरा वाहतोय. टाकीपासून तू सांगितलेल्या दिशेने गेले आणि हात पाण्यात घातला, काही कळेना. मग दोरीला वजन लावून बाटली खाली सोडली आणि वर ओढून गालाला लावली. गार! मी तिथे बोटीत बसून थोडी रडले, खरंखुरं, कुणाला काही विचारायचं नसताना. मग गळ टाकला.

माझा एक मासा स्पर्धेतला सर्वांत मोठा ठरला. निवेदक ओरडला, लोक उठून उभे राहिले. पण सर्वांत मोठ्या माशाची पैज वेगळी असते आणि तिचे पन्नास डॉलर आधी वेगळे भरायचे असतात. नाव नोंदवताना टेबलावरच्या बाईने विचारलं होतं. मी म्हटलं, "मला मूर्ख समजतेस का?" तेव्हा त्या पैजेचे चार हजार माझ्यापेक्षा लहान मासा धरणाऱ्याला गेले. कोण ते विचारू नकोस. त्याने माझा हात हातात घेतला, माझं हसू बघितलं आणि म्हणाला, "मागची दाढ दाखवून घ्या."

अल्सिडच्या तोंडावरची बंदी वजनकाट्यापाशी उठली. आठवडाभरानंतर त्याचा पहिला शब्द काय असेल म्हणून मी वाट बघत होते.

"पन्नास डॉलर, ओडील."

नंतर त्याने मला मिठी मारली, तीही सगळ्यांसमोर, माशाच्या वासासकट.

या वेळी यंत्रासमोर पहिल्या दोघांना त्याच रात्री बसवलं. मोटेल तेच, माणूस तोच. मला बघून बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "सुरू करण्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

"हो. ही खुर्ची डुगडुगते."

त्याने तारा लावल्या. "स्पर्धेच्या आठवड्यात तुमच्या पतीने तुम्हाला काही उपयोगाची माहिती दिली का?"

"त्या आठवड्यात काय विचारता? लग्न झाल्यापासून दिलेली नाही."

सुई जागची हलली नाही, क्लेमान्स. त्या माणसाने कागद वर धरून उजेडात पाहिला आणि म्हणाला, इतकी सरळ रेघ त्याने कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या क्रमांकाचे साडेतीन हजार मिळाले. रोख. एबेर सोमवारी आला. एवढ्यात छप्पर अर्धंच होईल म्हणाला. मग चुलीवरचं आणि टेबलावरचं आधी करायला सांगितलं. काल पाऊस झाला. आम्ही दोघं टेबलाशी बसून जेवलो आणि कुणाच्याही ताटात काही पडलं नाही. अल्सिड सारखा वर बघत होता.

हिशोबाने भांडी घासायच्या मोरीवरचाही कोपरा त्यात झाला असता. पण एबेरला मी म्हटलं, तेवढा वसंतापर्यंत राहू दे. मार्चमध्ये बावीस-तेवीसला स्पर्धा आहे. अडीचशे फी, पैजेचे पन्नास, आणि मला एक काठी आवडली आहे, जराशी महाग, पण हातात कशी बसते ते तुला दाखवायला हवं. त्यातून पहिली आले तर सगळंच छप्पर होतं. वर तीन-साडेतीन हजार उरतात.

हसू नकोस.

सतरा मार्चपासून माझ्याशी बोलायला बंदी. त्याआधी लिही. धान्याची कोठी कुठे होती? मदरच्या खोलीखाली तळघर होतं असं मुली म्हणायच्या, ते खरं होतं का? तुला आठवेल ते सगळं लिही, अगदी सगळं. मासा नसला तरी चालेल.

मोरीवर अजून ताडपत्री आहे, पण माझी काळजी करू नकोस. दुसऱ्या क्रमांकाला त्यांनी कंपनीच्या नावाची टोपी दिली आहे. भांडी घासताना मी तीच घालते. पुढची कड रुंद आहे, डोळ्यांत पाणी जात नाही.

तुझी,
ओडील